मुलगी खो-खो खेळते, कॉलेजवाले फी-हॉस्टेल माफ करून बोलावतायत. पाठवू का?

तुम्ही विचारलंय की बारावी झालेल्या मुलीला खेळात नाव असलेलं कॉलेज स्वतःहून बोलावतंय, पाठवावं का, आणि अशा कॉलेजांच्या टीम खरंच चांगल्या असतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते मला छातीठोक देता येतं. ढाली मोजल्या तर चांगल्या असतात. मैदानाच्या कडेला बसून मॅच बघितल्या तर तसं म्हणवत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजात होते, शिवाजी विद्यापीठाचं, नाव घेत नाही. मी स्वतः खेळाडू नव्हते, एफवायला निवड चाचणी दिली, नाही झाले, पण स्कोअरशीट लिहायला कुणी तयार नव्हतं म्हणून मी बसले आणि मग तीन वर्षं मुलींच्या खो-खोची एकही मॅच चुकवली नाही. पास होऊन १४ वर्षं झाली, अजून आमची टीम विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेला गेली की रजा टाकून जाते. तेव्हा जे लिहितेय ते बाहेरच्या माणसाची टीका समजू नका, आमच्या टीमवर माझ्याइतका जीव कुणाचा नसेल.

बाकीच्या टीमचं थोडक्यात सांगते. क्रिकेटवर जिमखान्याचा सगळ्यात जास्त पैसा जायचा आणि टीम दुसऱ्या राउंडच्या पुढं कधी गेली नाही. पोरांची कबड्डी टीम म्हणजे एका रेडरची टीम, तो आत असला की आम्ही जिंकतोय आणि तो बाहेर बसला की बाकीचे सहा जण त्याला परत आत आणायची वाट बघतायत, पकड कुणाला येतच नव्हती. कोपऱ्यातला पोरगा रेडर बोनसला आला की एकटाच घोट्यावर झेप घ्यायचा, शेजारचा कव्हर आपल्या जागी उभा. आणि लीड मिळाली की नुसतं निदान रेषा, म्हणजे चढाई मोजली जायला ओलांडावी लागते ती रेषा, ओलांडून परत यायचं, वेळ काढायचा, आणि शेवटच्या चार मिनिटांत लोण बसून, म्हणजे अख्खी टीम बाद होऊन, हरायचं. हे मी एकदा नाही, पाच-सहा मॅचना बघितलंय. शिवाय त्यातले निम्मे कधी वर्गात दिसले नाहीत, फक्त आयडी कार्डापुरते विद्यार्थी. तुमचा प्रश्न खो-खोचा आहे म्हणून तिकडं येते.

आमची मुलींची खो-खो टीम खरंच भारी होती. हे मान्य करूनच पुढचं वाचा. आक्रमणाला दोन मुली अशा होत्या की पोलवर सूर मारला तर समोरची बादच. आणि संरक्षणाला जतची एक पोरगी होती, तिचं नाव लिहित नाही, जतचीच म्हणते. तिला आमच्या कॉलेजनं असंच बोलावून आणलेलं, फी माफ, हॉस्टेल माफ, वडिलांची कोरडवाहू शेती, त्यांनी लगेच होकार दिला. ती मधल्या पाटीतनं एकेरी साखळी काढायला, म्हणजे बसलेल्या एकेकीला वळसा घालत नागमोडी पळायला लागली की मी स्टॉपवॉचकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघायची. बसलेल्या मुलीच्या पाठीला आपला खांदा घासला की नाही असं वाटावं इतक्या जवळनं ती वळायची. तीन मिनिटं बाद न होता टिकणं म्हणजे तिला काहीच नव्हतं.

मी एसवायला असताना आंतरविभागीय स्पर्धा होती, दोन दिवसांत संपवायची म्हणून सेमीफायनल सकाळी आणि फायनल त्याच दिवशी दुपारी. सेमीफायनलला जतचीचा डावा गुडघा पोलला वळताना मुरगळला. आमच्याकडं बर्फ नव्हता. जिल्ह्यातलं एवढं मोठं कॉलेज, बारा पोरी घेऊन आलेले, आणि बर्फाचा डबा नाही. गेटवरच्या गाडीवरनं कुणीतरी पेप्सी आणल्या, त्या लहान पोरं चोखतात त्या प्लास्टिकच्या कांड्या, आणि ती बाकावर बसून दोन केशरी पेप्सी गुडघ्याच्या दोन बाजूंना धरून होती. मग त्यावरनं क्रेप बँडेज गुंडाळलं, पिन दातात धरून. बँडेजवर केशरी ओघळ आलेला, प्लास्टिक फुटलं होतं बहुतेक. मी म्हटलं, सरांना सांग. ती म्हणाली, सांगितलंय, ते म्हणाले पहिल्या तुकडीत तूच. संरक्षणाला तिघी-तिघी उतरतात ती तुकडी, तिघी बाद झाल्या की पुढची.

फायनलचे तिचे वेळ मला पाठ आहेत, वहीत पण आहेत. पहिल्या डावात ३ मिनिटं १० सेकंद. दुसऱ्या डावात २.२०. मॅच बरोबरीत सुटली म्हणून जादा डाव, त्यात १.२५. म्हणजे दर डावाला जवळपास मिनिटभर कमी. हे दुखऱ्या गुडघ्याचं गणित आहे, कागदावर समोर दिसतंय, आणि मी प्रत्येक डावानंतर उठून ते शीट सरांना दाखवत होते. ते म्हणाले, जाऊन बस जागेवर, लिहायचं काम कर.

जादा डावातही बरोबरी. मग लघुत्तम आक्रमण, म्हणजे कोण कमी वेळात एक गडी बाद करतंय ते बघायचं. आता नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं इथंच आहे. दोन्ही टीमच्या तिन्ही डावांत पाच-पाच, सहा-सहाच जणी बाद झाल्या होत्या. म्हणजे दोघांच्याही तिसऱ्या तुकडीतल्या पोरी संरक्षणाला दिवसभर जेमतेम उभ्या राहिलेल्या, पाय ताजे. समोरच्या कॉलेजनं लघुत्तमला तिसरी तुकडी उतरवली. आम्ही परत पहिलीच, परत जतची. ती ४८ सेकंदांत बाद झाली. पोलला वळताना डावा पाय टेकलाच नाही, समोरचीनं सूर मारला, हात लागला. मग आमचं आक्रमण. त्यांची ती तिसऱ्या तुकडीतली बारकी पोरगी, आधी कुणी बघितलीसुद्धा नसेल, ती ६२ सेकंद टिकली. आम्ही १४ सेकंदांनी हरलो.

हरण्याचं मला दुःख झालं, पण हरणं मी विसरले असते. जतचीच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं होतं, ऑपरेशन सांगितलं. खर्च वडिलांनी केला. पुढच्या वर्षी ती टीममध्ये नाही म्हणून हॉस्टेलची माफी काढून घेतली. माफी खेळाडूंसाठी आहे आणि ही आता खेळत नाही, असं ऑफिसनं तोंडावर सांगितलं. एसवायनंतर ती गावी गेली ती परत आली नाही. आज जतलाच एका पतसंस्थेत कामाला आहे, आमचं बोलणं असतं, जिना उतरताना अजून कठडा धरते. आणि त्या वर्षीची उपविजेतेपदाची ढाल ऑफिससमोरच्या काचेच्या कपाटात आहे, मी मागच्या वर्षी गेले तेव्हा बघितली.

मी तेव्हा भित्तिपत्रकात लेख लिहिला होता. वेळांचा तक्ता काढला, तिसऱ्या तुकडीतल्या पोरी का पळवल्या नाहीत ते विचारलं, बर्फाचंही लिहिलं. दुपारपर्यंत तो काढला. सरांनी बोलावून विचारलं, आयुष्यात कधी पोलवर सूर मारलायस का? मी नाही म्हटलं. मग तुला काय कळतं? बस, एवढंच. आमची कॅप्टन माझी रूममेट होती, तिनंही तेच म्हटलं आणि वरनं, लघुत्तमला भरवशाचीच पोरगी पाठवायची असते, तू वहीत बघून टीम चालवायला निघालीस. महिनाभर आम्ही एका खोलीत राहून बोललो नाही.

तिच्याशी हा वाद अजून चालू आहे. ती आता एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, चांगली आहे, तिच्या पोरी जिल्ह्याला खेळतात. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत आपल्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या कप्तानीत पहिला वर्ल्डकप जिंकला, नेपाळला ७८-४० हरवून, तेव्हा तिचा फोन आला, दोघी रडलो, आणि पाचव्या मिनिटाला परत तोच विषय. ती म्हणाली, मोठ्या मॅचला जुनीजाणतीच लागते. मी म्हटलं, जुनीजाणती असू दे ना, दोन पायांवर उभी असलेली पाहिजे. भरवसा कुणावर ठेवायचा हे मोसमभर दुसऱ्या-तिसऱ्या तुकडीला किती पळवलं त्यावर ठरतं, आदल्या रात्री ठरत नाही. ज्या पोरीला वर्षभर तीसच सेकंद मिळाले तिच्यावर फायनलला भरवसा कुठनं येणार? तो आधी तयार करावा लागतो आणि ते कोचचं काम आहे. आणि हे बघायला पोलवर सूर मारावा लागत नाही. डोळे आणि स्टॉपवॉच पुरतं. मैदानात असलेल्या बाराजणींना आपलं आपलं दिसतं, कडेला मान वर करून बसलेल्याला डावाची नऊच्या नऊ मिनिटं दिसतात.

आता तुमचं. कॉलेजात जाऊन ढालींचं कपाट बघू नका, मागच्या मोसमाची स्कोअरशीट मागा. देतात, न द्यायला त्यात गुपित काही नाही. संरक्षणाचे वेळ कुणाच्या नावावर आहेत ते बघा. सगळी मिनिटं दोघी-तिघींच्या नावावर असतील तर तुमची मुलगी तिथं एकतर चौथी म्हणून बाकावर बसेल, नाहीतर तिसरी म्हणून झिजेल. मिनिटं सहा-सात जणींत वाटलेली असतील तर कोच पोरी घडवतोय, बिनधास्त पाठवा. दुसरं, फी-हॉस्टेलची माफी लेखी घ्या आणि त्यात स्पष्ट विचारा, मैदानावर दुखापत झाली आणि वर्षभर खेळता आलं नाही तर माफी राहणार का, आणि दवाखान्याचा खर्च कोण करणार. तोंडी 'आपलीच मुलगी आहे' असं म्हणतील. जतचीच्या वडिलांनाही असंच म्हटलं होतं.

सराव मातीवर आहे की मॅटवर हेही विचारा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, वर्षभर मातीत पळून एकदम मॅटवर गेलं की वळताना पाय अडकतो, गुडघ्यावर येतं. आणि सायन्सला घालणार असाल तर प्रॅक्टिकल आणि विद्यापीठाचा कॅम्प एका आठवड्यात आले तर कॉलेज काय करतं ते टीममधल्या टीवायच्या मुलीला विचारा, सरांना नको.

सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचं आमिष दाखवतील. ते आरक्षण खरं आहे, पण कुठल्या स्पर्धेचं कुठल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र कुठल्या गटाच्या पदाला चालतं याचे नियम ठरलेले आहेत आणि पडताळणी होते, तेव्हा आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून या, कॉलेजच्या शब्दावर राहू नका. धाराशिवच्या खो-खो खेळाडू सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून आईबाप पोरींना हौसेनं पाठवतात ते मला मनापासून आवडतं, पण तिथवर जायला मधली तीन-चार वर्षं पोरगी धडधाकट राहावी लागते.

एक सांगायचं राहिलं. माझा अनुभव एका कॉलेजचा, एका मोसमाचा आहे आणि जुना आहे. आमच्याच कॉलेजात आता नवीन मॅडम आहेत, मागच्या वर्षी मी मुद्दाम बघितलं, बाकाखाली बर्फाचा डबा होता आणि तिसऱ्या तुकडीतल्या पोरी साखळी सामन्यात चांगल्या दोन-दोन मिनिटं पळाल्या. हरल्या सेमीला, पण मॅच बघून बरं वाटलं. तेव्हा सगळीकडं तसंच असतं असं नाही. आणि घरची परिस्थिती अशी असेल की माफीशिवाय शिक्षणच होणार नाही तर माझं ऐकून थांबू नका, पाठवा, फक्त ते लेखी घ्याच.

तुमची मुलगी आक्रमणाला चांगली की संरक्षणाला ते तुम्ही लिहिलं नाहीत. संरक्षणाची असेल तर तिचे मागच्या दोन-तीन मॅचचे वेळ आणि त्या कॉलेजची स्कोअरशीट मिळाली तर इथंच टाका, नावं झाकून. मी बघून सांगते कुठल्या तुकडीत घेतील.