मोआबला एक दिवस मोकळा ठेव

प्रिय पोरी,

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआबला जातेयस, त्या सहलीचा तुझा तक्ता पाहिला. शुक्रवारी स्लिकरॉकवर सायकल, दुपारी कोलोरॅडो नदीत राफ्टिंग, शनिवारी स्कायडायव्हिंग, मग जीप, संध्याकाळी डेलिकेट आर्च ही खडकाची कमान, रविवारी कॅन्यनलँड्सचं राष्ट्रीय उद्यान. आणि खाली प्रश्न, "काका, यातलं काय गाळू?" ऐरोलीच्या ऑफिसात रिलीजचं वेळापत्रक लावतेस तसंच हे लावलंयस. काय गाळायचं ते नंतर. आधी एक अख्खा दिवस मोकळा ठेव.

धाडस कमी कर, असं मी म्हणत नाही. स्लिकरॉक कर, जरूर कर. १९६९ साली मोटरसायकलींसाठी आखलेली ती वाट जुन्या वाळूच्या टेकड्यांवरून जाते, त्यांचाच आता दगड झालाय. आपल्या पावसाळी कातळासारखं चाक तिथं सटकत नाही. पण मध्येच सायकल आडवी टाक आणि खाली बघ. खडकातल्या खळग्यांत पाणी असेल, नाहीतर नुसता सुकलेला गाळ. त्या गाळात कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या इवल्या जिवांची अंडी वर्षानुवर्षं कोरडी पडून असतात. पाऊस झाला की पिल्लं फुटतात, वाढतात आणि पाणी आटायच्या आत पुन्हा अंडी घालतात. खळग्यातून चाक नेऊ नकोस. वाटेबाहेरची काळपट, खडबडीत मातीसुद्धा जिवंत आहे. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफुलं यांनी वाळू बांधून धरलीय. एका पावलाची जखम भरायला कित्येक दशकं जातात. धावणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हणून मोकळा दिवस!

तिथलीच दुसरी खडकाची कमान लँडस्केप आर्च. १९९१ साली तिच्या पोटातून साठ फूट लांबीचा तुकडा कोसळला. खाली विसावलेल्या लोकांना आधी कडकड ऐकू आली, ते पळाले आणि वाचले. आता कमानीखाली जाऊ देत नाहीत. लांबूनच बघ, पण बसून बघ.

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये मला रेंगाळ्या म्हणायचे. म्हणोत. हरिश्चंद्रगडावर सगळे तारामती शिखर मारून यायला धावले, मी कोकणकड्यावर पालथा पडून खालून वर येणारं धुकं बघत राहिलो. आज गुडघे घराजवळच्या येऊरच्या टेकडीपलीकडे नेत नाहीत. तेव्हाचे गडी भेटले की किल्ल्यांची यादी म्हणतात, कुठल्या गडावरच्या टाक्याचं पाणी गोड होतं ते एकालाही सांगता येत नाही. मला येतं. हा माझा हट्ट असेल, पण हट्टानंच मला गड दिले. खंत एवढीच की एकालाही माझ्याबरोबर बसवू शकलो नाही. म्हणून तुला एवढं ओरडतोय.

मोकळ्या दिवशी गावातच राहा. १९५२ साली चार्ली स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला याच भागात युरेनियम सापडलं आणि हे छोटं गाव फुगलं. खाणी थंडावल्यावर सायकलवाले आले. मेन स्ट्रीटवर कुणा म्हाताऱ्याशी बोल. आणि "मग दिवसभर करू काय?" असं विचारू नकोस. पूर्वेला ला साल डोंगर दिसतील, कदाचित बर्फासकट. नदीकाठच्या पाणथळीत पक्षी आहेत. दुर्बीण ने, पाणी भरपूर ने.

स्कायडायव्हिंगचे पैसे भरले नसशील तर तेच गाळ. भरले असशील तर जीप रद्द कर आणि आजच कळव.

तुझा,
काका
ठाणे