वळचणीखालचे तोडे लहान का झाले?

प्रश्न : चीनमधल्या तांगकालीन मंदिराच्या छायाचित्रात वळचणीखाली मोजकेच, पण अवाढव्य लाकडी तोडे, म्हणजे खांबावरून पुढे आलेले छपराचे आधार, दिसतात. बीजिंगच्या राजवाड्यात मात्र ते चिमुकले आणि दाटीवाटीने बसवलेले. पुढच्या सुतारांचं कसब कमी पडलं का?

उत्तर : नाही. तोड्यांवरचं ओझं हळूहळू तुळईने उचललं, म्हणून ते लहान झाले.

शान्शी प्रांतातल्या फोगुआंग मंदिराचा पूर्व मंडप पाहा, इ.स. 857 चा. तिथले तोडे खांबाच्या जवळपास निम्म्या उंचीचे आहेत आणि वळचण जवळजवळ 4 मीटर बाहेर येते. तिला तोलतो 'आंग' नावाचा तिरपा दांडा. त्याचं एक टोक वळचणीखाली, दुसरं आत छपराच्या भाराखाली दाबलेलं. छपराचं वजनच छपराला सावरतं! वास्तुरचना शिकवताना मी याचा लाकडी नमुना करून घेत असे. दांडा उपसला की वळचण खाली यायची. लाकूडकामात इतकी निर्भीड रचना मी दुसरी पाहिलेली नाही.

सोंग काळात या कामाला नियम आले. ली जिए या अधिकाऱ्याने सिद्ध केलेली बांधकाम-संहिता 1103 मध्ये छापली गेली. तोड्याच्या लाकडाचा छेद हेच तिचं मूळ माप, त्याच्या लहान-मोठ्या आठ प्रती, म्हणजे श्रेणी. इमारतीच्या दर्जावरून प्रत ठरे आणि खांब-तुळयांची मापं तिच्यावरून निघत.

पुढे मिंग आणि छिंग काळात, म्हणजे बीजिंगच्या राजवाड्याच्या काळात, तुळईचं जाड टोक खांबावरून थेट बाहेर काढून वळचणीची कडी पेलू लागले. विटांच्या भिंतींना पावसापासून मातीच्या भिंतींइतकं जपावं लागत नाही, त्यामुळे वळचणही आखडली. खांबांवरचं काम असं हलकं झालं, पण दोन खांबांमधल्या खणात तोड्यांचे संच वाढत आठपर्यंत गेले. ते भारापेक्षा मानासाठी होते.

1937 मध्ये लिन हुईयिन यांच्यासह फोगुआंगचा शोध लावणारे वास्तुइतिहासकार लिआंग सिचेंग मिंग-छिंग काळाला ताठरपणाचा काळ म्हणत. तोड्यांपुरतं ते मला पटतं. पण तुळईने भार थेट खांबावर देणं ही सुतारांची सुधारणाच होती, तिला ऱ्हास म्हणणं अन्यायाचं आहे.

पुढच्या वेळी आतून काढलेलं छायाचित्र मिळवा. तिरपा दांडा छपराखाली खोलवर गेलेला दिसला, तर तो भार वाहतो. छिंगकालीन बहुतेक तोड्यांत आडव्या लाकडालाच बाहेरून तिरपं टोक कोरलेलं असतं.