वाचकांचे प्रश्न : बांध, विहीर आणि गाणं

प्रश्न : 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नाशिकच्या मिरवणुकीत आमचं पथक वनहक्काचं गाणं म्हणणार आहे. नंतर सभेत ऑस्ट्रेलियातलं 'ट्रीटी' (म्हणजे करार) हे गाणं ऐकवू. जमिनीच्या गाण्यात देश कुठं येतो? आणि आमचं गाणं लिहिताना काय सांभाळावं?
– एक वाचक, पेठ

उत्तर : आधी 'ट्रीटी'. 1988 मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बरुंगा इथं तिथल्या आदिवासींनी पंतप्रधान बॉब हॉक यांना निवेदन दिलं. हॉक यांनी करार करायचं कबूल केलं, पण करार झाला नाही. योथू यिंडी या वाद्यवृंदाचं 1991 चं हे गाणं त्या मोडलेल्या शब्दाबद्दल आहे. इंग्रजीसोबत त्यात योल्ङू या तिथल्या आदिवासींची भाषाही आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या मॅबो खटल्यातल्या निकालापर्यंत तिथल्या कायद्याच्या लेखी गोरे आले तेव्हा ती भूमी बेवारस होती. म्हणून 'आम्ही इथलेच' एवढं म्हणणंही थेट देशाच्या पायाला हात घालतं.

आपल्याकडं वनजमीन कसणाऱ्यांना लावला जाणारा टोचणारा शब्द 'अतिक्रमणदार'. 2006 च्या वनहक्क कायद्यानं प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' मान्य केला. तेव्हा गाणं गयावया करणारं नको, हक्कदाराचं हवं. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. जुनी विहीर, बांध, स्मशान, देवाची जागा, जाणत्यांचा लेखी जबाब, हे सगळं त्यात चालतं. तेच कडव्यात आणा :

बांध आजाचा, विहीर आजीची,
वाघदेव साक्षी, जमीन आमची.

आपल्या शिवारातली खरी नावं घातलीत तर आणखी उत्तम. गाणं हा काही पुरावा नव्हे, पण ते म्हणताना जाणत्यांना जुन्या खुणा आठवतात. त्या लगेच लिहून घ्या.

चूक होते ती आकड्यांत. 'चार हेक्टर द्या' असं लिहू नका. 4 हेक्टर ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष कब्जात असलेली जमीन. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, विकता येत नाही. गाण्यात बाईचं नाव यायलाच हवं, हे आमचं आग्रहाचं सांगणं.

आता चाल. गाणं मिरवणुकीत चालता चालता म्हणायचं आहे. चालणाऱ्याचा दम लांब ओळीला पुरत नाही. चार पावलांत ओळ संपवा, पुढची चार पावलं मागच्यांना झील धरायला सोडा. आवाज 100 मीटर जायला सुमारे 0.3 सेकंद घेतो, म्हणून लांब रांगेत शेपटाकडचे मागे पडतात आणि गाण्याचा गलका होतो. दर 30-40 मीटरवर एक ढोल ठेवा. ढोल वाजवणाऱ्यांनी कानावर न जाता पुढच्याच्या हाताकडे बघून ठेका धरावा. पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य; पावरीवाला श्वास न तोडता वाजवतो, त्याला गायला सांगू नका. दोन कडव्यांमध्ये त्याला मोकळी जागा द्या.

प्रश्न : डोंगऱ्यादेवाच्या गाण्याची चाल घेतली तर?

उत्तर : नको. ती गाणी डोंगऱ्यादेवाच्या व्रताची आहेत. भातलावणीची किंवा लग्नातली चाल घ्या; सगळ्यांना येते, सरावाला दोन संध्याकाळी पुरतात.