‘स्वर्गीय शांती’ नावाचे अशांत युग

प्रश्न : जपानी इतिहासात ‘तेम्प्यो युग’ असा उल्लेख वाचला. ही युगांची नावे आपल्या पंचांगातील संवत्सरांसारखी असतात का? आणि या युगात असे काय घडले की त्याची एवढी चर्चा व्हावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : साम्य फार थोडे आहे. आपली प्रभव, विभव ही संवत्सरांची नावे ठरलेल्या क्रमाने येतात आणि 60 वर्षांनी पुन्हा फिरून येतात. जपानी युगनाम मात्र मुद्दाम निवडले जाते; पूर्वी ते दरबार निवडीत असे, आता मंत्रिमंडळ ठरवते. इ. स. 1868 मध्ये मेइजी युग सुरू झाल्यापासून एका सम्राटाच्या कारकिर्दीला एकच नाव देण्याची पद्धत आहे, पण त्यापूर्वी शुभशकुन झाला किंवा मोठे संकट कोसळले, तर सम्राट तोच असतानाही नाव बदलले जाई. तेम्प्यो हे नाव असेच एका शकुनावरून पडले. सम्राट शोमूच्या दरबारात 729 मध्ये एक कासव आणण्यात आले. स्वर्गतुल्य राजाचे राज्य शांततेत शंभर वर्षे चालेल, अशा आशयाची अक्षरे त्याच्या पाठीवर उमटली असल्याचे सांगितले गेले आणि त्यातील दोन अक्षरे घेऊन ‘स्वर्गीय शांती’ हे नाव ठरले.

प्रत्यक्षात त्याच वर्षाच्या आरंभी राजपुत्र नागाया याला कटाच्या खोट्या आरोपावरून आत्महत्या करणे भाग पडले होते, आणि त्यामुळे फुजिवारा या बलाढ्य सरदार घराण्यातील चार भावांचा सत्तेचा मार्ग मोकळा झाला होता. पुढे 735 मध्ये क्यूशू बेटावर देवीची साथ सुरू झाली आणि दोन वर्षांत राजधानी नारापर्यंत पोहोचली. ते चारही भाऊ 737 या एकाच वर्षी दगावले. देशातील चौथा ते तिसरा हिस्सा लोक या साथीत गेले असावेत, असा काही इतिहासकारांचा अंदाज आहे. शेते ओस पडली आणि सारा माफ करावा लागला. त्यातच 740 मध्ये फुजिवारा घराण्यातील हिरोत्सुगूने बंड केले, तेव्हा सम्राटाने नारा सोडले आणि पाच वर्षे तो राजधानी या गावाहून त्या गावाला हलवीत राहिला. पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याकडे ती कायमची राहील, हा 743 चा कायदा याच दिवसांतला. मोठ्या खाजगी जहागिऱ्यांचे मूळ त्यात शोधले जाते.

मला या युगाचे मर्म मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आज्ञापत्रात दिसते. वैरोचन बुद्धाची (बुद्धाचे विश्वव्यापी रूप) प्रचंड मूर्ती ओतण्याचा संकल्प सोडताना शोमूने त्यात म्हटले की, कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन मदतीला आला, तरी त्याला येऊ द्यावे. ग्योकी नावाचा भिक्षू गावोगाव फिरून पूल आणि तळी बांधून घेत असे. लोकांना गोळा करतो म्हणून दरबाराने पूर्वी त्याच्यावर बंधने घातली होती, आणि आता त्यालाच मूर्तीसाठी मदत जमविण्याचे काम देऊन पुढे महाभिक्षूपद बहाल केले. नारातील तोदाइजी मंदिरात 747 पासून आठ टप्प्यांत, खालून वर, मूर्ती ओतली गेली. मुलाम्यासाठी सोने कोठून आणावे ही चिंता होती, तोच 749 मध्ये उत्तरेकडील मुत्सू प्रांतात सोने सापडले. या आनंदात युगनाम बदलण्यात आले आणि कासवापासून सुरू झालेले तेम्प्यो युग सोन्याने संपले.

मूर्तीचे नेत्रोन्मीलन 752 मध्ये झाले, आणि ते एका भारतीयाच्या हातून झाले. दक्षिण भारतातून चीनमार्गे 736 मध्ये, म्हणजे देवीची साथ चालू असतानाच, जपानला पोहोचलेला बोधिसेन हा तो भिक्षू. त्याने हातातील मोठ्या कुंचल्याने सुमारे 15 मीटर उंच मूर्तीचे डोळे रेखले. त्या कुंचल्याला सुमारे 200 मीटर लांबीची निळीने रंगविलेली रेशमी दोरी बांधली होती आणि खाली जमलेल्यांनी ती हातात धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सर्वांना लाभावे. भयंकर साथीतून उरलेली माणसे ती दोरी धरून उभी आहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की माझे मन भरून येते.

मूर्ती पुढे 1180 आणि 1567 च्या आगीत होरपळली. आजचे शिर सतराव्या शतकातले आहे, जुना भाग आहे तो मुख्यतः खालच्या कमळासनाच्या पाकळ्यांत. दुरुस्तीनंतर 1185 मध्ये निवृत्त सम्राट गो-शिराकावाने पुन्हा नेत्रोन्मीलन केले, तेव्हा त्याने बोधिसेनाचाच कुंचला वापरला. तो कुंचला आणि ती निळी दोरी तोदाइजीजवळच्या शोसोइन या लाकडी कोठारात जतन झाली. शोमूच्या मृत्यूनंतर 756 मध्ये सम्राज्ञी कोम्योने त्याच्या सहाशेहून अधिक वस्तू तोदाइजीच्या बुद्धाला अर्पण केल्या होत्या, त्याही याच कोठारात ठेवल्या गेल्या. या संग्रहातील निवडक वस्तूंचे प्रदर्शन दरवर्षी शरद ऋतूत नारा येथील राष्ट्रीय संग्रहालयात भरते.