ग्लासगोहून एका दिवसात जाऊन येता येईल असा, फारसा चढ आणि वाहतूक नसलेला सायकलचा रस्ता कोणता? बरोबर सायकलची फारशी सवय नसलेले आई-बाबा आहेत.

ग्रेट कंब्रे बेटाला किनाऱ्याने फेरी मारा. साधारण 16 किलोमीटर, जवळजवळ सपाट, आणि वाटेत मिलपोर्ट हे एकच गाव. मी ग्लासगोत राहते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना हमखास इथेच नेते. ग्लासगो सेंट्रलहून लार्ग्जची ट्रेन तासाभराची, तिथून बोट दहाएक मिनिटांची. सायकलचे वेगळे तिकीट दोन्हीकडे लागत नाही. मिलपोर्टमध्ये भाड्यानेही सायकली मिळतात, आणि बोटीच्या धक्क्यावरून तिथवर बस असते. धक्क्यावरून डावीकडे वळा, म्हणजे समुद्र पूर्णवेळ तुमच्याच बाजूला राहतो. आपल्यासारखीच इथेही वाहने डावीकडून चालतात. दुसरा फायदा वाऱ्याचा: तो इथे बहुतेक नैऋत्येचा, त्यामुळे मिलपोर्टला चहा झाला की पश्चिम किनाऱ्यावर तोच पाठीशी येतो. हा भाग सर्वांत सुंदर. समोर ब्यूट बेट, त्यामागे अरन बेटाचे डोंगर, आणि ओहोटी असेल तर खडकांवर पहुडलेले सीलही दिसतात. तिथे घाई करू नका. बेटाच्या मधून ग्लेड स्टोनकडे, म्हणजे बेटावरच्या सर्वांत उंच जागेकडे, जाणारा रस्ता मात्र खड्या चढाचा आहे, आई-बाबांना तो नको. एक अट: उन्हाळ्यात ऊन पडलेल्या शनिवार-रविवारी बोटीला रांग लागते आणि रस्ताही सायकलींनी भरतो, म्हणून मधला वार निवडा. पावसाचे जाकीट जुलैतही लागेल.