बीपीची गोळी आणि मोबाइलवरचे मेसेज

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी पुण्यात नोकरीला, आईबाबा फलटणला. बाबा ६४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे पण मधेच आपल्या मनाने बंद करतात, म्हणे आता बरं वाटतंय. व्हॉट्सॲपवर मात्र दिवसभर, लसूण खा, लिंबूपाणी प्या, गोळ्यांनी किडनी जाते असलं काहीबाही मलाच फॉरवर्ड करतात. मग मीच त्यांना रोज बीपीची खरी माहिती पाठवली तर फरक पडेल का? मागे एक मोठा लेख पाठवला होता, त्यावर नुसता हात जोडलेला इमोजी आला.
— एक वाचक, पुणे

उत्तर : फरक पडतो, पण थोडा, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर हिरमोड नको. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या एका सरकारी क्लिनिकमधल्या बीपीच्या १३७२ पेशंटवर याचा रीतसर अभ्यास झालाय, २०१६ साली छापून आला. वर्षभर काहींना नुसते माहितीचे आणि आठवणीचे एसएमएस, काहींना उलट निरोप देता येईल असे, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वर्षाअखेर नुसते एसएमएस मिळणाऱ्यांचं वरचं बीपी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा साधारण २ पॉइंटने कमी निघालं, बस. आणि गंमत म्हणजे उलट निरोपाची सोय असलेल्यांना त्याहून जास्त काही फायदा झाला नाही. सिडनीत हृदयविकाराच्या ७१० पेशंटना सहा महिने आठवड्याला चार मेसेज पाठवले तेव्हा फरक ७-८ पॉइंटचा आला, म्हणजे रोजच पाठवायला पाहिजे असंही नाही. रोज सकाळी पाठवाल तर गुड मॉर्निंगच्या फुलांमधे तुमचाही मेसेज वाहून जाईल.

आता काय लिहायचं. लेख नको, एका मेसेजमधे एकच गोष्ट, तीही त्यांच्याच ताटातली. 'मीठ कमी खा' हे त्यांनी शंभरदा ऐकलंय, त्याऐवजी लिहा, 'बाबा दिवसाचं सगळं मिळून मीठ चहाचा एक चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण पण धरायचं, आज पापड राहू दे.' बीपी मोजायला सांगताना लिहा की आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात टेबलावर ठेवायचा आणि आकड्याचा फोटो मला पाठवायचा. घरी परत परत १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पण त्याच्याही आधी एक करा, फोन करून गोळी का सोडली ते विचारा, रागवायचं नाही. माझ्याकडचे कित्येक जण घोट्याला सूज येते म्हणून अ‍ॅम्लोडिपिन बंद करतात आणि घरात कुणाला बोलत नाहीत. ही त्या गोळीची माहितीतली तक्रार आहे, डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. तसं असेल तर लसणाच्या फॉरवर्डवर वाद घालून काय उपयोग? किडनीचं तर उलटंच आहे, किडनी बिघडते ती बरीच वर्षं वाढलेल्या बीपीने. हे मात्र लेखी पाठवा, आणि फॅमिली ग्रुपवर नको, वडीलमाणसाला सगळ्यांदेखत खोटं पाडलं की ते हट्टाला पेटतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, फोन साधा बटणांचा. त्यांना काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मेसेजचा नाद सोडा, संध्याकाळचा फोन करा आणि 'गोळी घेतली का' असं न विचारता 'पाकिटात किती उरल्या' विचारा, हो म्हणून सुटता येत नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यातून घेत असतील तर तिथे फोन नंबर नीट नोंदवलाय का बघा, त्यांचा नाही तर तुमचा द्या. सातारा जिल्हा बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या टप्प्यापासून आहे, आणि जे पेशंट ठरल्या तारखेला आले नाहीत त्यांची यादी काढून त्यांना फोन करायचा ही त्या कार्यक्रमाची पद्धत आहे. नंबर जुना असला तर तो फोन कुणा भलत्यालाच जातो. आणि एक, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा छातीत कळ आली तर मला पत्र नको की ग्रुपवर विचारणं नको, सरळ १०८.