व्हाइटनिंगचे प्रश्न: सुट्टीत घरी येणाऱ्यांसाठी आणि पॅकेज बुक करणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर लागला की मला परदेशातून मेसेज यायला लागतात. डिसेंबरात पुण्याला येतोय, दात पांढरे करून घ्यायचेत, किती दिवस लागतील. यंदा तुर्कस्तानच्या पॅकेजबद्दल विचारणारेही बरेच आहेत. आणि गोंधळ दरवर्षी तोच असतो, सगळे व्हाइटनिंगच म्हणतात पण कुणाच्या मनात क्लीनिंग असतं, कुणाच्या ब्लीचिंग, कुणाच्या व्हेनिअर तर कुणाच्या कॅप. क्लीनिंगने दातावरचं किटण आणि डाग निघतात, ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइडच्या जेलने दाताचा स्वतःचा रंग फिका होतो, आणि व्हेनिअर किंवा कॅप म्हणजे दात घासून त्यावर दुसरं काहीतरी चिकटवणं. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न (लंडन): भावाचं लग्न 26 डिसेंबरला आहे, आम्ही 14 ला पुण्यात पोचतोय. व्हाइटनिंग, पुढच्या दोन जुन्या कॅप बदलणं आणि एका टवका उडालेल्या दाताचं बाँडिंग, एवढं लग्नाआधी होईल ना?

नीट नाही होणार. कॅप, व्हेनिअर, दातात भरलेलं सिमेंट यांच्यावर ब्लीचचा काही परिणाम होत नाही, तो फक्त तुमच्या स्वतःच्या दातावर होतो, त्यामुळे आधी दात उजळायचे, मग रंग स्थिर होऊ द्यायचा आणि त्यानंतरच त्या रंगाची कॅप करायची. ब्लीच झाल्या झाल्या दात कोरडे पडलेले असतात म्हणून आहेत त्यापेक्षा जास्त पांढरे दिसतात, आठ-पंधरा दिवसांत रंग थोडा उतरतो, त्याच्या आत शेड घेतली तर ती चुकणारच. बाँडिंगचं, म्हणजे टवक्याच्या जागी दाताच्या रंगाचं मटेरियल चिकटवण्याचं, तर आणखी वेगळं, पेरॉक्साइडमुळे दातात राहिलेला ऑक्सिजन मटेरियलला धड चिकटू देत नाही म्हणून आम्ही दोन आठवडे थांबतो.

तुमच्या हातात अजून वेळ आहे. लंडनमध्येच डेंटिस्टकडून तपासणी आणि क्लीनिंग करून घ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेवालं ब्लीचिंग सुरू करा, रात्री दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये जेल घालून, तो दातांवर बसवून झोपायचं, साधारण दोन ते तीन आठवडे. म्हणजे पुण्यात याल तेव्हा रंग बसलेला असेल. एक्स-रे मात्र आधी पाठवा, जुन्या कॅपखाली काय चाललंय ते बघितल्याशिवाय तारीख देता येत नाही आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नका.

प्रश्न (मस्कत): व्हाइटनिंगनंतर दुसऱ्याच दिवशी विमानप्रवास चालेल का?

चालेल. दात काढला असेल किंवा इम्प्लांट बसवलं असेल तर ज्याने केलं त्याला विचारून तिकीट काढा.

प्रश्न (दुबई): वय 29, दात सरळ आहेत, कीड नाही, फक्त पिवळट वाटतात. इस्तंबूलचं हॉलिवूड स्माइल पॅकेज मिळतंय, पाच दिवस, हॉटेलसकट, वीस दात झिरकोनिया. एजंट म्हणतो की ब्लीचिंग वर्षभरात उतरतं, हे परमनंट व्हाइटनिंग आहे. करू का?

हे उत्तर मोठं होणार आहे, कारण या एका प्रश्नाने माझी झोप उडते.

परमनंट व्हाइटनिंग असा काही प्रकारच नाही. झिरकोनिया म्हणजे इथे त्या मटेरियलची कॅप. म्हणजे तुमचे वीस निरोगी दात चारही बाजूंनी घासून खुंट करणार आणि त्यावर टोप्या चढवणार. पूर्ण कॅपसाठी दाताचा हिरडीच्या वरचा साधारण दोन तृतीयांश भाग घासला जातो. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, इनॅमल शरीर पुन्हा कधीच तयार करत नाही, ते गेलं की गेलं. ज्या दाताला मोठी कीड लागलीय किंवा रूट कॅनाल झालंय त्याला कॅप हा उपचार आहे, मीही रोज करते. फक्त रंग आवडत नाही म्हणून निरोगी दाताला कॅप, हे मला मान्य नाही आणि होणारही नाही.

पुढचं कुणी सांगत नाही ते ऐका. इतका घासलेला दात आतल्या नसेला धक्का बसून काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी मरू शकतो, मग त्या नव्या कॅपलाच भोक पाडून रूट कॅनाल करायचं. कॅप पण जन्मभर टिकत नाही, दहा-पंधरा वर्षं टिकली तर चांगली टिकली म्हणायची, आणि तुम्ही 29 वर्षांचे आहात, म्हणजे आयुष्यात हे सगळं किमान दोन-तीनदा, आणि दरवेळी खालचा दात आणखी थोडा कमी. घाईत जोडून केलेल्या कॅपच्या मधे फ्लॉस जात नाही, अन्न अडकतं, हिरड्या सुजून रक्त येतं. चावा बसला नाही तर जबडा दुखतो. हे पाचव्या दिवशी कळत नाही, तिसऱ्या महिन्यात कळतं, आणि तेव्हा तुम्ही दुबईत असता आणि ते क्लिनिक इस्तंबूलला. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, परदेशात चोवीस कॅप करून, आठ महिन्यांनी. चार दातांच्या मुळाशी पू होता. त्याचे आधीचे फोटो त्याने मोबाइलवर दाखवले, इतके सुंदर दात होते की मला पुढे बोलवेना.

तुर्कस्तानात उत्तम डेंटिस्ट आहेत, प्रश्न देशाचा नाहीच. हीच पॅकेजेस आता मुंबई-पुण्यातही विकली जातायत. प्रश्न असा आहे की तोंड न बघता, एक्स-रे न बघता व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून वीसचा आकडा ठरवला कुणी. त्या एजंटला लेखी विचारा की दात घासणार का, प्रत्येक दात किती मिलिमीटर, आणि प्लॅनवर सही कोणत्या डेंटिस्टची. डिपॉझिट भरायच्या आधी तो कागद दुबईतल्या अशा डेंटिस्टला दाखवा ज्याला तुमच्या जाण्या-न जाण्यातून एक पैसा मिळणार नाही.

आणि हो, ब्लीचिंग हळूहळू उतरतं हे खरं आहे. कुणाचं वर्षात, कुणाचं तीन वर्षांत, चहा-कॉफी-सिगरेटवर बरंच अवलंबून. मग तेच ट्रे काढून दोन-चार रात्री जेल लावायचं. दात जिथल्या तिथे राहतो. फोटोवरून मी निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय तेवढंच खरं असेल तर क्लीनिंग आणि ट्रे याच्या पलीकडे काही लागू नये. तपासून घ्या.

प्रश्न (न्यू जर्सी): मुलगी 14 वर्षांची आहे, उन्हाळ्यात भारतात येतोय तेव्हा तिचं व्हाइटनिंग करून घेऊ का?

नाही. एखादाच दात काळा पडला असेल किंवा डाग असतील तर दाखवायला आणा, नुसत्या रंगासाठी 18 पूर्ण होऊ देत.

प्रश्न (पुणे): बहीण जर्मनीहून येतेय. इथे एक ठिकाणी साधं ब्लीचिंग आणि लेझर ब्लीचिंग असे दोन रेट सांगितले. लेझरवालं जास्त चांगलं का?

काम जेल करतं. बहुतेक वेळा ज्याला लेझर म्हणतात तो निळा लाइट असतो, त्याने जेल तापतं, दात सुकतो आणि त्या दिवशी आरशात जास्त पांढरा दिसतो, दोन आठवड्यांनी दोघांत सांगण्यासारखा फरक राहत नाही. उष्णतेने सणका मात्र वाढू शकतो. क्लिनिकमधलं जेल 35-40 टक्क्यांपर्यंत तीव्र असतं, हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून भाजते, तेव्हा पैसे लाइटचे देऊ नका, हिरडीवर नीट बॅरिअर लावणाऱ्या हाताचे द्या. एक-दोन दिवस दात शिवशिवतील, आधीपासून पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट वापरली तर कमी होईल. दोन दिवस हळदीची आमटी, बीट, सोलकढी, काळा चहा टाळा. बहिणीला दिवस गेले असतील किंवा ती बाळाला पाजत असेल तर हे सगळं नंतर.

प्रश्न (मँचेस्टर): मूळ गाव नांदेड जिल्ह्यात. लहानपणापासून पुढच्या दातांवर तपकिरी आणि खडूसारखे डाग आहेत. इथला डेंटिस्ट म्हणतो ब्लीचिंगने जाणार नाहीत. भारतात जातील का?

डाग देश बघून जात नाहीत. तुमच्या भागात बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, दात तयार होत असताना ते पाणी प्यायलं की असे डाग पडतात, तेव्हा फ्लोरोसिसची शक्यता मोठी आहे पण बघूनच ठरेल. नुसत्या ब्लीचने कधीकधी पांढरे चट्टे सुरुवातीला जास्त उठून दिसतात. मायक्रोॲब्रेजन, म्हणजे वरचा अगदी पातळ थर घासून काढणं, आणि रेझिन इन्फिल्ट्रेशन, म्हणजे डागात पातळ रेझिन जिरवणं, यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो, ब्लीच त्याच्या जोडीला. डाग किती खोल आहेत त्यावर सगळं आहे. थेट कॅप सुचवली तर दुसरं मत घ्या.

प्रश्न (लीड्स): पुण्याहून जोरदार व्हाइटनिंग किट नेऊ का, इथे पार्लरमध्ये स्वस्त होतं, तिथे करू?

दोन्ही नको. ब्रिटनमध्ये 2012 पासून 6 टक्क्यांवरच्या हायड्रोजन पेरॉक्साइडला परवानगी नाही, आणि 0.1 टक्क्याच्या वरचं डेंटिस्टमार्फतच, तेही 18 वर्षांवरच्यांना. व्हाइटनिंग हे डेंटिस्ट्रीचंच काम आहे असं तिथल्या हायकोर्टाने 2013 मध्ये सांगितलंय, पार्लरवाल्याला ते करताच येत नाही. किटवर कार्बमाइड पेरॉक्साइड लिहिलेलं असतं त्याने फसू नका, 10 टक्के कार्बमाइड म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 16 टक्के म्हणजे सहाच्या आसपास. 35 टक्क्यांची ट्यूब कुणाच्या देखरेखीशिवाय तोंडात घालायची नाही, कुठल्याही देशात.

प्रश्न (सिडनी): आई सोलापूरहून पहिल्यांदा आमच्याकडे येतेय. खूप वर्षं मिश्री लावते, दात काळे झालेत, तिला लाज वाटते. तिथूनच व्हाइटनिंग करून येऊ दे का? गालाच्या आत पांढरा डाग आहे वर्षभर, पण दुखत नाही म्हणते.

दात राहू देत, तो डाग आधी. न दुखणारा, पुसून न जाणारा पांढरा चट्टा तंबाखू लावणाऱ्या माणसाच्या तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर तो दाखवायलाच हवा, आणि तुम्ही वर्षभर म्हणताय. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दुखत नाही हे आईच्या पिढीतल्या सगळ्या बायका सांगतात आणि म्हणूनच उशीर होतो. याच आठवड्यात सोलापुरात ओरल सर्जनकडे किंवा डेंटल कॉलेजमध्ये न्या, गरज वाटली तर ते बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करतील, घाबरू नका पण टाळू पण नका. मिश्री आजपासून बंद. त्या डॉक्टरांनी परवानगी दिली की साधं क्लीनिंग करून घ्या, काळेपणा बराचसा वरचाच असतो, आईला स्वतःलाच फरक दिसेल. ब्लीच लागणारही नाही कदाचित.

प्रश्न (ठाणे): लिंबू-सोड्याने किंवा कोळशाच्या पेस्टने घरीच होतं असं ऐकलंय.

लिंबू इनॅमल विरघळवतं, कोळसा ते खरवडतो. बंद करा.

प्रश्न (बर्मिंगहॅम): उजवी दाढ ठणकतेय, गाल थोडा सुजलाय. इथे अपॉइंटमेंट मिळत नाही. सहा आठवड्यांनी पुण्यात येणारच आहे, व्हाइटनिंगबरोबरच दाखवू का?

नाही. आज 111 ला, म्हणजे तिथल्या NHS च्या हेल्पलाइनला, फोन करा आणि सूज आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना किंवा सूज डोळ्याकडे, मानेकडे सरकली तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल.